अमळनेर-धुळे-जळगाव पट्ट्यात खरं मेक्सिकन जेवण कुठे मिळेल?

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न खाण्याचा आहे, पण जरा सविस्तर लिहिते, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते कळेल.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पाच वर्षं मेक्सिकोत केरेतारोला होतो. मुलगा तिथलाच. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या तब्येतीमुळे अमळनेरला परत आलो आणि आता इथेच राहणार आहोत. तिकडे आमच्या घराच्या कोपऱ्यावर तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्यांचं, दुकान होतं. आपल्याकडे दर चार गल्ल्यांआड पिठाची गिरणी असते ना, तसं. दुपारी जेवणाच्या आधी तिथे रांग लागायची. बायका घरून फडकं घेऊन यायच्या, किलोवर तोर्तिया घ्यायच्या आणि फडक्यात गुंडाळून घराकडे पळायच्या, वाफ निघून जायच्या आत. दुकानातली बाई रांगेतल्या लहान मुलांना एक गरम तोर्तिया काढून, तिच्यावर मीठ भुरभुरून, गुंडाळी करून हातात द्यायची. माझा मुलगा त्या गुंडाळीवर वाढला आहे.

इथे आल्यापासून जळगाव आणि धुळे मिळून सहा ठिकाणी गेलो. सगळीकडे मेन्यूवर 'मेक्सिकन' हा शब्द आहे: मेक्सिकन सँडविच, मेक्सिकन राईस, मेक्सिकन फ्रँकी, एका ठिकाणी मेक्सिकन भेळसुद्धा. ताटात येतं ते पाकिटातले नाचोज, पिवळं चीज, मक्याचे उकडलेले दाणे, ढोबळी मिरची. मुलगा एक घास खातो, "आई, हे ते नाही," म्हणतो आणि ताट सरकवतो. हट्टी नाही तो. वरण-बट्टी, शेवभाजी सगळं खातो. पण आठवड्यातून एकदा तरी विचारतो.

मला फक्त मक्याची ताजी तोर्तिया हवी आहे. साल्सा, बीन्स मी घरी करते. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठेही मिळत असेल तरी सांगा, आम्ही येऊ.

भुसावळ_जंक्शन
ताई, भुसावळात कॉलेज रोडला एक-दोन कॅफे आहेत, पण तुम्ही लिहिलंय तेच तिथेही मिळतं. सुरतेला जाऊन बघा. ताप्ती लाइनवर अमळनेरहून थेट गाडी आहे.

बोरीकाठची
सुरतेला दिवाळीत जाऊन आलो. हॉटेल छान होतं, पण तोर्तिया गव्हाची. ती खोटी नव्हे, बरं का. मेक्सिकोच्या उत्तरेला, सोनोराकडे, गव्हाचीच खातात, आणि बुरितो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली गव्हाची तोर्तिया, तिकडचाच. पण केरेतारोत रोजच्या ताटात मक्याचीच असते.

कणीस
पारोळा तालुक्यात शेती आहे. रब्बीला दरवर्षी मका असतो. ताई, राग मानू नका, पण मक्याची भाकर तर आपल्याकडे घरोघरी होते. मग शोधताय काय? मक्याचं पीठ दळून आणा, पातळ थापा.

माय_नी_चूल
मी पण हाईच म्हननार होतू. मन्ही माय फोटो देखीसन बोलनी, "हाई ते मकानी भाकर शे!"

बोरीकाठची
मलाही आधी तसंच वाटलं होतं. गिरणीतून मक्याचं पीठ आणून चार वेळा करून पाहिलं. भाकरी थापली तर उत्तम होते. पण पुरीएवढी पातळ केली की कडेने चिरते, आणि भाजून दुमडली की मधोमध तुटते. वासही वेगळा येतो. तिकडच्या तोर्तियाला ओल्या मातीसारखा, किंचित चुनकट वास असतो. तो कुठून येतो तेवढं मला माहीत आहे: चुन्याच्या पाण्यातून. घरी करायचं धाडस मात्र झालं नाही.

रसायन_मास्तर
बरोबर नस पकडलीत. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं सांगतो.

मेक्सिकोत मका कोरडा दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी धुतात आणि ओलाच वाटतात. या शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतल्या राख आणि तामाल (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) या अर्थाच्या शब्दांपासून हा शब्द झाला, कारण पूर्वी चुन्याऐवजी राखही वापरत. वाटून होतं ते पीठ म्हणजे 'मासा'. आपल्या नदीतल्या माशाशी त्याचा काही संबंध नाही.

चुना दोन कामं करतो. दाण्यावरचं जाड साल सैल होऊन सुटतं, आणि पेशींच्या भिंतींतला चिकट भाग मोकळा होऊन पिठाला ताण येतो. कोरड्या मक्याच्या पिठाला हा ताण नसतो आणि मक्यात गव्हासारखं ग्लूटेनही नसतं, म्हणून तुमची पोळी तुटते. तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही.

दुसरं काम दिसत नाही, पण ते जास्त मोठं आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्याने ते सुटतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, पण ही पद्धत नेली नाही. मग इटलीच्या उत्तर भागात, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पसरला: कातडी सोलवटणं, जुलाब, भ्रम, मृत्यू. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका खात होते आणि त्यांच्यात हा रोग तसा पसरला नाही. ज्या बायकांनी पहिल्यांदा राखेच्या पाण्यात मका शिजवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रमाण: एक किलो कोरडा मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम कोरडा खायचा चुना. पानाचा ओला चुना असेल तर त्यात पाणी असतं, म्हणून पंधरा-वीस ग्रॅम. भिंतीला लावायचा चुना अजिबात नको. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते.

पुणे_ते_पाचोरा
एवढा खटाटोप कशाला? पुण्याहून तयार मक्याच्या तोर्तियांची पाकिटं मागवता येतात. मी स्वतः आणली आहेत.

बोरीकाठची
आणून पाहिली. नाइलाज असला तर ठीक. पण कालची भाकरी आणि तव्यावरची भाकरी यांत जो फरक, तोच इथेही आहे.

धुळ्याचा_कॅफेवाला
हा धागा तीन दिवस वाचतोय. आमच्या कॅफेच्या मेन्यूवरही 'मेक्सिकन' आहे, त्यामुळे मनातलं लिहितो. आमच्याकडे येणारी मुलं अठरा-वीस वर्षांची, खिशात शंभर-दीडशे रुपये. त्यांना चीज हवं असतं. अवोकॅडो बाहेरून येतो, दोन दिवसांत काळा पडतो, आणि तो ज्या भावाने पडतो त्यात ग्वाकामोले (अवोकॅडोची चटणी) विकणं जमत नाही. तयार सॉस आणि फ्रोझन गव्हाच्या पोळ्या मिळतात, त्यावरच सगळं चालतं. खरं कसं असतं ते मला कुणी दाखवलंच नाही. दाखवलं तर शिकायची तयारी आहे.

बोरीकाठची
दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं वाटलं. तयार सॉस आजच बंद करून टाका, त्याला एक पैसा जास्त लागणार नाही. लोखंडी तव्यावर तीन टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या आणि कांद्याची जाड फोड काळे डाग पडेपर्यंत भाजा. दगडी खलात मीठ घालून आधी लसूण-मिरची कुटा, मग टोमॅटो. वर कोथिंबीर, लिंबू. झाली साल्सा. तिकडे हा खल ज्वालामुखीच्या खरबरीत दगडाचा असतो, त्याला मोल्काखेते म्हणतात. आपला खलही काळ्या दगडाचाच. ज्याला ठेचा येतो त्याला ही साल्सा येतेच.

चीजबद्दल: तिकडे रोजच्या ताकोवर, म्हणजे सारण घालून दुमडलेल्या तोर्तियावर, पिवळं चीज घालत नाहीत. ताजं, पांढरं, खारट, भुरभुरणारं घालतात. म्हशीच्या दुधाचं पनीर मीठ लावून, दाबून, चुरा करून पाहा, त्याच्या बरंच जवळ जातं. आणि नाचोज हे १९४०च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात तयार झाले. इग्नासिओ आनाया नावाच्या माणसाने पलीकडून, अमेरिकेतून, आलेल्या बायकांसाठी घाईत काहीतरी करून दिलं. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो. वाईट नाहीत नाचोज, पण त्यांच्यावरून मेक्सिकोची परीक्षा करू नका.

मिरची_पथारी
नंदुरबार. आमचा मिरचीचा व्यवसाय आहे. मिरची मुळात त्यांचीच, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, सोळाव्या शतकात. आता आमच्या पथाऱ्यांवर हंगामात नजर पोहोचेल तिथवर लाल दिसतं. ताई, तिकडच्या कोणत्या मिरच्या लागतात?

बोरीकाठची
रोजच्याला तीन. आंचो रुंद, काळपट, गोडसर. ग्वाखियो लालभडक आणि सौम्य. आर्बोल बारीक आणि जहाल. शिवाय चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो.

मिरची_पथारी
मग रंगाला ब्याडगी घ्या, ग्वाखियोचं काम होईल. आर्बोलच्या जागी आमची नंदुरबारची तिखट, हात आखडता ठेवून. आंचोला आपल्याकडे जोड नाही. ब्याडगीबरोबर दोन काळ्या मनुका वाटून पाहा, थोडा गोडवा तरी येईल. धुराची मिरची मी करून बघतो. शेकोटीवर जाळी ठेवून ओल्या मिरच्या वाळवल्या तर काय होतं बघू.

माय_नी_चूल
काळ्या मटणाचं तिकडे काही आहे का हो? आमच्याकडे जेवण म्हटलं की तेच पहिलं.

बोरीकाठची
आहे! हालिस्को भागात बिर्रिया करतात. बकऱ्याचं मटण, भाजून वाटलेल्या वाळक्या मिरच्या, जिरं, लवंग, दालचिनी, थोडा व्हिनेगर, आणि तासन्‌तास मंद आच. खोबरं आणि भाजलेला कांदा सोडला तर आपल्या काळ्या रश्श्याची चुलत बहीण. रस्सा वाटीत वेगळा देतात, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा सासूबाईंच्या हातचं आठवून डोळ्यांत पाणी आलं होतं.

वऱ्हाडी_झाडाखाली
खानदेशच्या धाग्यावर विदर्भातून घुसतोय, पण राहवलं नाही. मेक्सिको आणि मका म्हटलं की पांडुरंग खानखोज्यांचं नाव घ्यायलाच हवं. १८८४ साली वर्ध्यात जन्म, गदर चळवळीतला क्रांतिकारक, इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना. शेवटी मेक्सिकोत स्थिरावले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेराचं 'आमची रोजची भाकर' हे भित्तिचित्र आहे, त्यात टेबलाशी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. स्वातंत्र्यानंतर परत आले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा तरी हवा होता.

कणीस
हे मला माहीत नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, साठच्या दशकात बुटक्या गव्हाचं बी आलं ते मेक्सिकोचंच होतं, सोनोरा-६४ आणि लेर्मा रोहो. म्हणजे आपली पोळीही त्यांचं थोडं देणं लागते.

आता कामाचं. आमचा मका पिवळा, हायब्रीड, दाणा टणक. तो कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो, खायच्या चवीसाठी निवडलेला नसतो. तरी करून बघायचा असेल तर बाजारातून आणू नका, शेतकऱ्याच्या घरून न फवारलेला, न गोळ्या टाकलेला घ्या. बियाण्याच्या पिशवीतला तर कधीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं. बुरशी लागलेला, काळपट दाणा निवडून टाका. मी पाच किलो देतो, पैसे नको.

बोरीकाठची
दादा, बुरशीवरून आठवलं. कणसावर काणी येते ना, राखाडी फुगलेले दाणे? तिकडे ती कोवळी असताना भाजी म्हणून विकतात, वित्लाकोचे म्हणतात, मक्यापेक्षा महाग. फवारलेल्या शेतातली कुणी खाऊ नये, पण तुम्हाला ऐकून गंमत वाटेल म्हणून सांगितलं.

कणीस
आम्ही ती उपटून जाळतो! बायकोला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

बोरीकाठची
दोन आठवड्यांनी लिहिते आहे. कणीस दादांच्या मक्याचा पहिला प्रयत्न फसला. पानाचा चुना अंदाजाने घातला, तो फार झाला. दाणे हळदीसारखे पिवळे झाले, वास साबणासारखा. मी घाबरून कमी धुतले. तोर्तिया जमली, दुमडली तरी तुटली नाही, पण शेवटी जिभेवर कडवटपणा राहिला. मुलाने अर्धी खाल्ली आणि म्हणाला, "आई, हे जवळपास आहे." इतक्या महिन्यांत 'जवळपास' हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

रसायन_मास्तर
वजनकाटा वापरा, चुना अंदाजाने घालायची गोष्ट नाही. उकळी आली की मंद आचेवर चाळीसेक मिनिटं, दाणा दाताखाली अजून कडक असतानाच गॅस बंद, आणि रात्रभर झाकून. सकाळी ते पिवळं पाणी टाकून द्या. दाणे तळहातांत चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवा. हातांना कापलेलं असेल तर चुन्याने झोंबेल, सांभाळा.

अक्राणी
धडगावला शिक्षक आहे, अकरा वर्षं झाली. मूळ गाव चोपडा. धागा आजच दिसला आणि वाटलं, इतक्या लोकांनी सुरत-पुणे शोधलं, पण सातपुड्याकडे कुणी पाहिलं नाही.

इथल्या पावरा आणि भिल घरांत मक्याची भाकरी रोजची आहे, सणावाराची नाही. जोडीला उडदाची डाळ, नाहीतर मिरचीची चटणी. देशी मका अजून टिकून आहे: पांढरा, पिवळा, काही कणसांत लाल-जांभळे दाणेही. पुढच्या वर्षीच्या बियाण्याची कणसं चुलीच्या वर टांगतात, धुरामुळे कीड लागत नाही. बाएफ संस्थेने इथल्या लोकांबरोबर देशी वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या आहेत. चुन्यात शिजवण्याची पद्धत इथे मी पाहिलेली नाही, भाकरी कोरड्या पिठाचीच. पण पांढऱ्या देशी मक्याचा दाणा मऊ असतो, चवीला गोडसर. तुम्हाला हवा असलेला मका हाच असावा असं मला वाटतं.

माझ्या शाळेतल्या एका मुलाच्या आजीला तुमचा धागा वाचून दाखवला, म्हणजे सांगितला. तिने विचारलं, तिकडच्या बायका भाकरी हाताने थापतात की कशाने? मी म्हटलं, विचारून सांगतो.

बोरीकाठची
आजींना सांगा, खेड्यात अजून पुष्कळ जणी हातावरच थापतात, दोन्ही तळव्यांमध्ये टपटप वाजवत. शहरात लाकडी किंवा लोखंडी दाबणी असते, आपल्या पुरीच्या यंत्रासारखी. आणि भाजतात त्या तव्याला कोमाल म्हणतात. जुना कोमाल मातीचाच. माझ्या आजेसासूबाई पुरणाचे मांडे करायच्या त्या खापराची मला तो पाहताना आठवण यायची.

पांढरा मका कसा मिळेल? मी यायला तयार आहे.

अक्राणी
येण्याची गरज नाही, घाट मोठा आहे. शनिवारी मी शहाद्याला उतरतो. आजी चार किलो देणार आहे, बाजारभावापेक्षा जास्त द्या, एवढंच माझं म्हणणं. हे बी तिने जपलेलं आहे.

कणीस
शहाद्याहून मी आणतो. सोमवारी अमळनेरला येणारच आहे, बाजार समितीत काम आहे.

धुळ्याचा_कॅफेवाला
मध्येच एक सांगतो. तयार सॉस बंद केला. भाजलेल्या टोमॅटोची साल्सा ठेवतोय, खल बाहेरच काउंटरवर ठेवलाय. पहिल्या दिवशी दोन मुलांनी परत मागितली. राजमा डब्यातला आणायचो, आता घरीच कांदा-लसूण घालून शिजवतो, घोटतो आणि फोडणीत परततो. खर्च कमी झाला.

बोरीकाठची
राजम्याचं मूळही तिकडचंच, शोभेल त्यांना.

मंडळी, आज मंगळवार. सविस्तर लिहिते.

आजींचा मका काल संध्याकाळी पोहोचला. दाणे हस्तिदंतासारखे, मधूनच एखादा जांभळा. अर्धा किलो घेतला, पाच ग्रॅम कोरडा चुना काट्यावर मोजला, दीड लिटर पाणी, स्टीलचं पातेलं. चाळीस मिनिटं. रात्री झाकून ठेवलं. सकाळी पाणी पिवळसर होतं पण दाणे पांढरेच राहिले होते, साल बोटाने सरकत होतं. तीन पाण्यांनी धुतले.

मिक्सरला फार पाणी लागतं आणि पीठ सैल होतं, हे मागच्या वेळी कळलं होतं. म्हणून माळ्यावरून पाटा काढला. सासूबाईंनी तो स्वतः धुतला, टाकी लावून घ्यायला हवा म्हणाल्या, पण आज तसाच घेतला. मेक्सिकोतला मेताते म्हणजे तीन पायांचा पाटाच, त्यावर गुडघे टेकून बसतात. आम्ही दोघींनी आळीपाळीने वाटलं. सासरे खुर्ची ओढून समोर बसले. अर्ध्या किलोला सव्वा तास लागला. एरवी रोज हे करणं शक्य नाही, तिकडच्या बायकांचा किती जन्म या दगडावर गेला असेल ते खांद्यांना कळलं.

पीठ लाह्यांच्या पिठासारखं मऊ, पण ताण असलेलं. लिंबाएवढा गोळा, पुरीच्या यंत्रात दोन प्लास्टिकच्या मध्ये. चांगला तापलेला तवा. पहिली बाजू वीस सेकंद, उलटून पाऊण मिनिट, परत उलटून बोटांनी हलकं दाबलं. आणि फुगली. पहिलीच फुगली. वास आला तो त्या कोपऱ्यावरचा.

मुलगा शाळेतून आला तेव्हा फडक्यात बारा होत्या. मी काहीच बोलले नाही. त्याने फडकं उघडलं, वरची उचलली, मिठाच्या बरणीत चिमूट घातली, भुरभुरली, गुंडाळी केली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. मग दुसरी. तिसरी आजोबांना करून दिली.

माय_नी_चूल
ताई, वाचीसन मन भरी उनं.

मिरची_पथारी
धुराच्या मिरच्या झाल्या आहेत. पाव किलो पाठवतो. थोड्या कडक वाळल्यात, भिजवून वाटा.

धुळ्याचा_कॅफेवाला
ताई, येत्या रविवारी कॅफे दुपारी बंद असतो. तुम्ही आलात तर माझी आई आणि मी शिकू. इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर आहे आमच्याकडे, पाट्याचे कष्ट वाचतील. जमलं तर महिन्यातून एक रविवार फक्त मक्याच्या तोर्तियांचा ठेवीन: राजमा, साल्सा, पनीर, आणि मटणाच्या वेळी आईचा काळा रस्सा.

बोरीकाठची
नक्की येते. शनिवारी रात्री मका भिजायला हवा, म्हणजे मी शिजवलेला पातेल्यासकटच घेऊन येते. ग्राइंडरमध्ये पाणी अगदी चमच्या-चमच्याने घालायचं, तेवढं आईंना सांगून ठेवा.

अक्राणी
आजीला फुगलेल्या तोर्तियाचा फोटो दाखवला. तिने मोबाइल हातात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, पुढच्या पेरणीला पांढरा मका जास्त लावू का? मी काय सांगू?

कणीस
लावायला सांगा. माझ्याकडचं एक बिघा मीही धरतो, बी तिच्याकडूनच घेईन. पिवळ्या हायब्रीडपासून लांब लावावा लागेल, नाहीतर परागाने सगळा मिसळेल. विहिरीपलीकडचा तुकडा मोकळा आहे.